चौकटींचा हंगाम

दिवाळी उलटली की अंबडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. यंदाची पहिली मला तहसीलसमोर दिसली. एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर लोंबणारा ऊस, आणि ट्रॅक्टरवाल्यानं गाणं इतकं मोठ्यानं लावलेलं की कोर्टातून बाहेर पडणारे वकील कोट सावरत बाजूला झाले. माझी एसटी त्या ट्रॉलीमागं अडकली. कंडक्टर वैतागला, मागच्या सीटवरची एक बाई ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगायला लागली. मी मात्र खिडकीची काच पुरती सरकवली. तोडलेल्या उसाचा ओला, किंचित आंबटसर वास आत आला आणि पन्नाशीला टेकलेली मी एकदम तेवीस वर्षांची झाले.

साखर कारखान्यात मी एकच गळीत हंगाम काढला. दोन हजार सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. जालन्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी घरी बसले होते, आणि अंबडकडच्या एका कारखान्याला कॉम्प्युटर विभागात हंगामापुरतं माणूस हवं होतं. घरापासून कारखान्यापर्यंत एसटी होती. वडील म्हणाले, “जाऊन तर बघ. हंगाम संपला की तू मोकळी.”

पहिल्या दिवशी मी कॉम्प्युटर विभागात जायच्या आधी गव्हाणीसमोर जाऊन उभी राहिले. गव्हाण म्हणजे ऊस ओतायची ती भली मोठी घसरण. क्रेन एका घासात अख्खी गाडी रिकामी करत होती. रात्रभर चालून आलेले बैल जू उतरवल्यावर तिथंच मान खाली घालून उभे, त्यांच्या अंगातून वाफ निघत होती. आत कुठंतरी एवढी प्रचंड चाकं फिरत होती की पायाखालची फरशी थरथरायची. पाच-पन्नास गावांतली वर्षभराची मेहनत त्या एका तोंडात चालली होती आणि दुसऱ्या टोकाला पांढरीशुभ्र साखर पडत होती. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. वजनकाट्यावरचा माणूस ओरडला, “ओ ताई, सरका! ट्रॉली येऊन राह्यली!”

माणसाला असं थक्क व्हायला मोठ्या यंत्राचीच गरज असते असं नाही. त्याच्या आधी एकदा थक्क व्हायला मला चौदा इंची पडदाही पुरला होता. डिप्लोमाच्या क्लासमध्ये सरांनी वेबसाइटमधल्या फ्रेम शिकवल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. तोवर आम्ही बनवलेली पानं साधी होती. एका दुव्यावर टिचकी मारली की सगळं पान पुसलं जायचं आणि नवं पान हळूहळू वरून खाली उतरायचं. फ्रेम म्हणजे त्याच पडद्याच्या चौकटी पाडायच्या. डावीकडच्या चौकटीत यादी, उजवीकडच्या चौकटीत मजकूर. यादीतल्या नावावर टिचकी मारली की उजवीकडचं तेवढं बदलायचं आणि डावीकडची यादी जागची हलायची नाही. मी तीसेक वेळा टिचकी मारून बघितली. यादी आपली निवांत उभी. घरात पाहुणे येत-जात राहावेत आणि घरचं माणूस उंबऱ्यात उभं असावं, तशी.

आज हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. माझी भाची संभाजीनगरला इंजिनीअरिंग करते. मागं एकदा तिला फ्रेमबद्दल सांगत होते, तर म्हणाली, “मावशी, ते तर कधीच बंद झालं. आम्हाला एका ओळीत शिकवलं, वापरू नका म्हणून.” तिचं चूक नाही. फ्रेमला नावं ठेवणारे तेव्हाही होतेच. फ्रेम कधीच कामाची नसते का, या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र पुस्तकातून आलेलं नाही. ते मला अन्वरभाईंनी दिलं.

अन्वरभाई कारखान्याचे टेलिफोन ऑपरेटर. चाळिशीचे असतील. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. पांढरा झब्बा, काळं जाकीट, आणि समोर खटक्यांचा जुना टेलिफोन बोर्ड. कारखान्यात येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्या कानात यायचा. हंगामात शेतकऱ्याचा एकच प्रश्न असतो, माझी तोड कधी? म्हणजे ऊस तोडणारी टोळी माझ्या फडात कधी उतरणार. लांबली तर ऊस वाळतो, वजन घटतं, पुढचा गहू हुकतो. अन्वरभाई तो फोन शेतकी विभागाला जोडायचे. तिथं कुणी उचलला नाही तर स्वतःच चौकशी करून ठेवायचे आणि माणसानं परत फोन केला की सांगायचे. नाव विचारायची त्यांना गरज पडायची नाही. पहिल्या ‘हॅलो’लाच म्हणायचे, “बोला आबा, खोकला कमी झाला का?”

मी रुजू झाले त्याच महिन्यात नवं, आपोआप जोडणारं एक्स्चेंज यायचं ठरलं. बोर्ड जाणार, म्हणजे ऑपरेटरही जाणार. कुणी तसं उघड बोलत नव्हतं, पण अन्वरभाई ऐकूनच जगणारा माणूस. आमचे विभागप्रमुख शिंदेसाहेब भले होते. त्यांनी वर सुचवलं की तोडीची सगळी माहिती कॉम्प्युटरवर आणू, एक माहिती कक्ष काढू, शेतकऱ्यानं तिथं फोन करावा. वरून होकार आला, पण त्या खुर्चीवर बसायला शेतकी विभागातला एक कारकून ठरला.

अन्वरभाई काठी टेकत आमच्या खोलीत आले.

“साहेब, त्या खुर्चीवर मी का न्हाई?”

शिंदेसाहेब गडबडले. “अन्वरभाई, अहो ते पडद्यावर बघून सांगायचंय.”

“माझ्याजवळ ऐकवणारा पडदा हाये. पुण्याला महिनाभर रजा काढून शिकायला गेल्तो. बोलणारा प्रोग्राम आणलाय. एक जुनं मशीन द्या आणि कानाला लावायला हेडफोन.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. पान मीच बनवत होते.

पान मी मोठ्या हौसेनं बनवलं होतं. डावीकडं साठ-सत्तर गावांची यादी, उजवीकडं निवडलेल्या गावाचा तोडीचा कार्यक्रम, वर कारखान्याच्या नावाची पट्टी, आणि खाली शोभेसाठी एक चौकट, जिच्यात ‘सुस्वागतम’ सरकत जायचं. एकूण चार. अन्वरभाईंसाठी हिशेब विभागातलं जुनं मशीन आणलं, प्रोग्राम चढवला, आणि मी पान उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

स्पीकरमधून इंग्रजी आवाजात जे बाहेर पडलं, त्याला भाषा म्हणता येणार नाही. मराठी तेव्हा फॉन्टच्या जिवावर चालायची. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण यंत्राच्या लेखी तिथं कुठलंतरी इंग्रजी चिन्ह असायचं. यंत्र इमानानं चिन्हं वाचत सुटलं. अन्वरभाई दोन मिनिटं गंभीरपणे ऐकत राहिले, मग म्हणाले, “ताई, ह्याला वात झाला काय?” शिंदेसाहेबांसकट आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली.

मग मी सगळी गावं इंग्रजी अक्षरांत लिहून काढली. आता यंत्र वाचायला लागलं, पण गोऱ्या साहेबाच्या तोंडानं. वडीगोद्रीचं ‘वॉडी-गॉड्री’ झालं, शहागडचं ‘शॅहॅगॅड’, अंतरवालीचं ‘अँटर-वॉली’. अन्वरभाईंना ते फार आवडलं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, “काय राव, अँटर-वॉलीचे का तुम्ही?”

खरी अडचण पुढं होती. यंत्र मध्येच म्हणायचं, ‘फ्रेम’, आणि त्यापुढं मी घाईत ठेवलेलं फाइलचं नाव. ‘ए वन’, ‘नवीन टू’, असली नावं. आपण कुठल्या चौकटीत आहोत हे त्यांना कळेना. सरकणाऱ्या सुस्वागतमच्या चौकटीत ते तीनदा जाऊन अडकले.

“एका खोलीत नुसती भिंतच हाये,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात शिंदेसाहेबांकडं टपालानं येणारं एक इंग्रजी कॉम्प्युटर मासिक माझ्या हाती लागलं. त्यात एक लेख होता. फ्रेम कधीही वापरू नये. छापायला गेलं तर भलतीच चौकट छापली जाते. आतल्या पानाचा पत्ता जपून ठेवता येत नाही. आणि अंध माणसांना तर फ्रेमचा फार त्रास होतो. हे शेवटचं वाक्य वाचून माझे कान गरम झाले. माझ्या हौसेपायी एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती. मी कुणाला काही विचारलं नाही. तीन दिवस बसून सगळ्या फ्रेम काढून टाकल्या. प्रत्येक गावाचं वेगळं, सरळ पान केलं. वर सगळ्या गावांची यादी, खाली त्या गावाचा कार्यक्रम. मासिकात सांगितलं होतं अगदी तसं. चौथ्या दिवशी सकाळी अभिमानानं अन्वरभाईंना बोलावलं.

त्यांनी अर्धा तास चालवून पाहिलं. मग हेडफोन काढून म्हणाले, “मेहनत लई घेतली तुम्ही.”

त्यांचा सूर मला खटकला. “खरं सांगा, अन्वरभाई.”

“खरं सांगू? गाव बदललं की हर बार ते वरून सुरू करून राह्यलंय. आधी सत्तर गावं ऐका, मंग तोड. तोवर समोरचा माणूस फोन ठेवील. पहिलं होतं ते बराबर होतं. यादी आपल्या खोलीत बसलेली. मी सुखापुरीवर सोडून गेलो तर परत येईस्तवर सुखापुरीवरच. एका बटणात ह्या खोलीतून त्या खोलीत. त्याच्यात वाईट काहीच नव्हतं.”

“पण तुम्हीच म्हणालात, कळत नाही म्हणून!”

“खोल्यांना नावं न्हाईत ना, ताई. नावं द्या. आणि ती भिंत तेवढी काढून टाका.”

लेख लिहिणारा खोटं बोलला नव्हता. त्यानं बघितलेल्या फ्रेम बिननावाच्याच असतील. माझ्या तर होत्याच. पण तीन दिवस मी ज्यांच्यासाठी राबत होते ते शेजारच्या खोलीत बसलेले होते, आणि उठून त्यांना विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, ही गोष्ट मला पुढं कित्येक दिवस खात राहिली. पुढं मी शिक्षिका झाले, आणि अजूनही वर्गात एखाद्या मुलीसाठी मी परस्पर काही ठरवायला निघाले की जीभ चावते.

दुपारच्या जेवणाआधी काम झालं. जुन्या पानाची प्रत ठेवलेली होतीच; चारच्या दोन चौकटी केल्या. एकीला नाव दिलं ‘गाव यादी’, दुसरीला ‘तोड’. अन्वरभाईंनी हेडफोन चढवला आणि यंत्राच्या आवाजाचा वेग वाढवला. वाढवत राहिले. आम्हाला हेडफोनबाहेर नुसती भिंगरी फिरल्यासारखी घरघर ऐकू यायला लागली, एकही शब्द सुटा नाही. त्यांची बोटं कीबोर्डवर चालली होती आणि चेहरा शांत होता, पाण्याच्या आवाजाकडं कान लावून बसावं तसा. मध्येच म्हणाले, “रोहिलागडला मंगळवारची तारीख दोनदा टाकली तुम्ही.” मी बघितलं. टाकली होती. पडदा समोर असून दोन आठवड्यांत मला ती दिसली नव्हती.

गव्हाणीसमोर उभी होते तेव्हा वाटलं होतं तसंच वाटलं. पायाखाली काहीतरी प्रचंड फिरतंय आणि आपल्याला त्याचा फक्त थरथराट कळतोय.

थंडी भरात आली. सकाळी एसटीतून उतरलं की चिमणीचा धूर सरळ वर जाताना दिसायचा, भुशाची कुसळं केसांत बसायची, आणि मळीचा वास डब्यातल्या भाकरीलाही लागायचा. तोडणीवाल्या बायका कोप्यांपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढं, तीन दगडांवर चुली पेटवून असायच्या. नवं एक्स्चेंज भिंतीवर बसलं. त्या कपाटाएवढ्या पेटीत बारीक दिवे लुकलुकायचे. अन्वरभाईंचा बोर्ड गोदामात गेला. आता खुर्ची कुणाला, हे ठरवायला कार्यकारी संचालक स्वतः येणार होते.

ते सकाळी अकराला आले. सोबत शेतकी अधिकारी आणि रजिस्टर घेऊन तो कारकून. अन्वरभाई ताठ बसले होते. शिंदेसाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभे.

फोन वाजला.

“कारखाना का? आमच्या तोडीचं काय झालं हो?” समोरचा आवाज इतका मोठा की सगळ्यांना ऐकू आला.

“बोला आबा. सुखापुरी ना?” अन्वरभाईंची बोटं चालू झालीच होती. यादी, एका अक्षरावर उडी, एंटर, दुसरी चौकट. घरघर. “गुरुवारी टोळी येऊन राह्यली. बैलगाडीवाले हाएत, ट्रॅक्टर न्हाई. तुमच्या शेजाऱ्याची बी त्याच दिवशी हाये, दोघं मिळून वाट मोकळी करून ठेवा.”

“गुरुवारी नक्की ना?”

“पानावर गुरुवार हाये. फेरबदल झाला तर मी स्वतः कळवीन.”

मग दुसरा फोन, मग तिसरा. एकदा शेतकी अधिकाऱ्यांनी मध्येच अडवून एक गाव विचारलं, मुद्दाम यादीच्या पार तळातलं. अन्वरभाईंनी उत्तर दिलं तेव्हा कारकुनाचं रजिस्टरचं पान अजून उलटायचं होतं. कार्यकारी संचालक माझ्याकडं वळून म्हणाले, “हे छापून दाखवा.” मी छापायचा हुकूम दिला. प्रिंटर कुरकुरत चालला आणि बाहेर आली ती नुसती सत्तर गावांची नावं. तोडीचा पत्ता नाही. मासिकवाल्याचं म्हणणं असं भर सभेत खरं ठरलं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

“ह्याच्यात तारखा कुठायत?” कार्यकारी संचालकांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

अन्वरभाई म्हणाले, “साहेब, कागद तुमच्यासाठी. शेतकऱ्याला फोनवर कागद देता येत न्हाई. त्याला तारीख पाहिजे, ती मी देऊन राह्यलो.”

कार्यकारी संचालक हसले. कारकुनाला म्हणाले, “तुम्ही शेतकीतच राहा.” आणि बाहेर पडले. शिंदेसाहेब कॅलेंडरवरून नजर काढून माझ्याकडं बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. अन्वरभाईंनी खिशातून रुमाल काढला, कीबोर्ड पुसला आणि वाजणारा फोन उचलला.

त्या हंगामात मला कळलं की ज्याला आपण पान म्हणतो ते डोळ्यांसाठी पान असतं. कानांसाठी ती जागा असते, जिच्यात शिरायचं, वळायचं, परत यायचं. चौकट तिथं भिंतही होऊ शकते आणि दारही. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, “आता त्यासाठी दुसऱ्या सोयी आहेत, मावशी.” असतील. असायलाच हव्यात.

उन्हं तापायला लागली आणि गव्हाणीपुढची रांग आखडत गेली. तोडणीवाल्यांनी कोप्या मोडून बिऱ्हाडं गाड्यांवर चढवली. शेवटच्या गाडीला हार घातला, बैलांना गुलाल लावला, आणि दोन दिवसांनी बॉयलर विझला. कारखाना शांत होतो तेव्हा कानात दडे बसल्यासारखं होतं. पाच महिने ज्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय झालेली, तो आवाजच नाही. माणसं उगाच कुजबुजत होती. माझा तो शेवटचा दिवस. सामान आवरत होते तेवढ्यात अन्वरभाईंनी हाक मारली.

“ताई, एक चीज बनवली. जल्दी नसेल तर बघून घ्या.”

त्यांनी माझ्याकडून थोडं थोडं शिकून घेतलं होतं, पण स्वतः पान बांधलं असेल हे मला ठाऊक नव्हतं. मी पडद्याकडं पाहिलं आणि हसू दाबलं. डावीकडची चौकट बोटभर रुंद, त्यात गावांची नावं तुटून पडलेली. उजवीकडं करड्या रंगावर काळा मजकूर, एकही ओळ न मोडता पडद्याबाहेर गेलेला. माझा हात आपोआप माउसकडं गेला.

“दिसायला कसं बी असू द्या,” ते म्हणाले. “ऐका.”

त्यांनी हेडफोन मला दिला, आवाजाचा वेग माझ्यासाठी उतरवला. मी मॉनिटरचं बटण बंद केलं.

पहिली चौकट, ‘गाव यादी’. दुसरीचं नाव होतं ‘माणसं’. प्रत्येक गावापुढं तिथून फोन करणाऱ्यांबद्दल दोन-चार ओळी, इंग्रजी अक्षरांतली मराठी. यंत्र आपल्या साहेबी आवाजात वाचत होतं. सुखापुरीचे आबा, कमी ऐकू येतं, तारीख दोनदा सांगावी. वडीगोद्रीचे गुरुजी, आधी पावसाचं बोलतात, बोलू द्यावं. महाकाळ्याचे एकजण रागानं सुरुवात करतात, मनात काही नसतं.

“हे कुणासाठी?” मी विचारलं.

“मी रजेवर गेलो, आजारी पडलो, तर माझ्या जागी कुणीतरी बसंल ना. आजवर हे सगळं माझ्या डोक्यात होतं. त्याला कोण सांगणार?”

मी बटण दाबत पुढं गेले. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. बाहेर माझी एसटी येऊन गेली. शेवटी शहागड आलं.

‘शॅहॅगॅड,’ यंत्र म्हणालं. ‘एक बाई आहेत. नवरा वारल्यापासून त्याच फोन करतात. फोन लागला तरी लवकर बोलत नाहीत. कुणी नाही समजून फोन ठेवू नका. थांबा.’

त्यापुढं काही नव्हतं. मी हेडफोन तसाच कानाला धरून बसले. अन्वरभाई माझ्या बाजूला तोंड करून, मान थोडी कलती ठेवून वाट बघत होते.

“काही चूक, ताई?”

स्पेलिंगच्या चुका तर जागोजागी होत्या.

“बिलकुल नाही,” मी म्हणाले.